वर्णनाचा रकाना

नको तिथे 'होईल की' म्हणण्याची खोड आमच्या घराण्यात आहे. माझ्या वडिलांनी असंच म्हणून तीन वर्षं एका ट्रस्टचं कोर्टकाम फुकट वाहिलं. मी ते दोन शब्द नोव्हेंबर २००३ मध्ये, एका बुधवारी, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या खोलीत उभ्याउभ्याने म्हटले. 'बसा' असं कोणी म्हणालं नव्हतं. पुढे काय झालं ते सांगतो. तक्रार म्हणून नव्हे. तक्रार करायला अंगात त्राण लागतं.

मी हरिहर बेहेरे, सिंधुतीर शिक्षण संस्थेत आस्थापना विभागाचा हेडक्लार्क. रत्नागिरीत कॉलेज, हायस्कूल आणि वसतिगृह, शिवाय पावसला एक शाळा आणि सावर्ड्याला एक हायस्कूल आणि वसतिगृह, एवढा आमचा पसारा. मिळून दोनशे चौदा माणसं. त्या दोनशे चौदा जणांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असतात. कोणाच्या दोन जन्मतारखा आहेत, कोणी लग्नाच्या रजेवर जाऊन लग्न न करताच परत आला, हे सगळं मला ठाऊक असतं आणि ते मी कोणाला सांगत नाही. हेडक्लार्काची अब्रू ती एवढीच.

अध्यक्ष आत्माराम भाटकर आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते. कप्तान होऊन निवृत्त झाले आणि हुकूम सोडायला समोर कोणी उरलं नाही म्हणून संस्थेत आले. आवाज असा, की त्यांना फोनची खरं तर गरजच नव्हती. खिडकी उघडून बोलले असते तरी पावसच्या शाळेत ऐकू गेलं असतं. पण त्या दिवशी त्यांना पावसचे चित्रकलेचे मास्तर फोनवर हवे होते, आमच्या टेलिफोन ऑपरेटर दमयंती मयेकर जेवायला गेल्या होत्या, आणि बोर्डावर बदली बसलेल्याने फोन दिला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. कप्तानांनी स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर कोणता रंग हवा यावर पाच मिनिटं सूचना दिल्या. पलीकडून स्वयंपाकीण जनी म्हणाली, "ठेवतंय हां साहेब, भात लागंल."

"बेहेरे," मला बोलावून अध्यक्ष म्हणाले, "जहाजावर कुठला माणूस कुठे आहे ते एका मिनिटात कळतं. नाही कळलं तर तो पाण्यात पडला असं धरतात. आपल्याकडे दहा मिनिटं लागतात. पुण्याची एक कंपनी कॉम्प्युटरवर डिरेक्टरी बसवून देते. सगळी नावं त्यात घालायची. कोण घालेल?"

खोलीत सेक्रेटरी होते, प्राचार्य होते. दोघेही छताकडे बघू लागले. मी म्हटलं, "होईल की."

कंपनीने यज्ञेश नावाचे इंजिनिअर पाठवले. पुण्याचे. तीन दिवसांसाठी आले आणि त्यातला दीड दिवस गणपतीपुळ्याला घालवला, पण माणूस सज्जन. त्यांनी माझ्या टेबलावर एक कॉम्प्युटर मांडला आणि प्रोग्रॅम उघडून दाखवला. पडद्याच्या डाव्या अंगाला एक झाड होतं. मूळ वर, फांद्या खाली. वर संस्था, तिच्याखाली कॉलेज, हायस्कूल, पावस, सावर्डे, त्या प्रत्येकाच्या पोटात माणसं. मूळ वर असलेलं झाड बघितलं की याला खत कुठून घालायचं, असा प्रश्न आमच्याकडल्या माणसाला पडतो. मी तो विचारला नाही. उजव्या अंगाला त्या माणसाची नोंद : नाव, आडनाव, हुद्दा, खोली, फोन, वर्णन. नोंद बदलायची, जतन करायची, की झालं. वर एक पट्टी होती. तिच्यात काहीही टंकलं की ते ज्याच्या ज्याच्या नोंदीत असेल ते सगळे समोर हजर.

"अगदी सोपं आहे, सर," यज्ञेश म्हणाले.

गेल्या तीस वर्षांत मला जे जे कोणी सोपं आहे म्हणून सांगितलं, त्याची एक यादी करून मी ती डिरेक्टरीत घालणार होतो.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली ती जनीपाशी. प्रोग्रॅमला आडनावाचा रकाना रिकामा चालत नव्हता. नाव नसलं तर एक वेळ चालेल, हुद्दा नसला तरी चालेल, पण आडनाव नाही तर माणूस नाही, असा त्याचा बाणा. आणि जनीच्या सेवापुस्तकात १९७९ पासून नुसतं 'जनी, स्वयंपाकी' लिहिलेलं. मी वसतिगृहात गेलो. ती नारळ खवत होती.

"जने, तुझं आडनाव काय?"

"कशाला हवाय?"

"कॉम्प्युटरला हवंय."

"त्याला कशाला हवाय? जनी म्हनलं की मी येतंय ना?"

"येतेस गं, पण माहेरचं असेल, सासरचं असेल..."

"माहेर बुडालं, सासरच्यांनी सोडलं," खवणीवरून मान न उचलता ती म्हणाली. "त्यांची नावं मी लावायची नाय. तुमाला हवी तर तुमी लावा."

हे उत्तर मला फार योग्य वाटलं, पण ते रकान्यात मावत नव्हतं. मी सेक्रेटरींकडे टिपण पाठवलं. आमचे सेक्रेटरी प्रत्येक कागदावर 'तूर्तास' या शब्दाने सुरुवात करतात. 'तूर्तास संबंधित कर्मचाऱ्याने प्रतिज्ञापत्र सादर करावे.' प्रतिज्ञापत्राला ओळखपत्र लागतं, ओळखपत्राला आडनाव. सोळा दिवस तो कागद तीन टेबलांवर फिरला. शेवटी मी आडनावाच्या रकान्यातही 'जनी' लिहिलं. जनी जनी. प्रोग्रॅमला ते पूर्णपणे पटलं.

घरीही शांतता नव्हती. आमचे शेजारी पाध्ये हे निवृत्त तारमास्तर. डिरेक्टरी म्हटल्यावर टेलिफोन खात्याचं जाड पुस्तक निघणार, अशी त्यांची समजूत. रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन ते सल्ला देत. "बेहेरे, शब्द कमी वापरा. तारेत एकेक शब्द तोलून लिहायचो आम्ही." एकदा म्हणाले, "आमचा पण नंबर घाला त्यात. सत्तावीसशे बावीस." मी म्हटलं, तुम्ही संस्थेचे नोकर नाही. त्यावर चार दिवस त्यांनी आमच्याकडे वर्तमानपत्र मागितलं नाही. बायकोला हा शांततेचा काळ फार आवडला.

"आणखी कोणाकोणाला त्यात घालायचं नाही ते बघा," सुमेधा म्हणाली. "तेवढ्यांशी तरी संबंध तुटतील."

डिसेंबरात रघू आले. आमच्याकडे दोन रघू शिवलकर आहेत, काका आणि पुतण्या. दोघेही शिपाई, दोघेही कॉलेजात. एका फांदीवर एकाच नावाची दोन माणसं प्रोग्रॅमला चालत नव्हती. मी पुण्याला फोन लावला.

"नावापुढे एक-दोन आकडे टाका, सर," यज्ञेश म्हणाले.

"पण मग लोकांनी शोधायचं कसं? कुठला रघू एक नि कुठला दोन, हे त्या दोघांनाही सांगता येणार नाही."

"त्यासाठी वर्णनाचा रकाना आहे ना. लोक ज्या शब्दाने शोधतील तो शब्द तिथे लिहून ठेवा. शोधणाऱ्याला बरोबर सापडेल."

इथे मी चुकलो. कसा चुकलो ते नीट सांगायला हवं, कारण पुढे सेक्रेटरींनी त्याला 'बेपर्वाई' म्हटलं आणि ती बेपर्वाई नव्हती, ती माझी शिस्त होती. आस्थापना विभागात एक जुनी पद्धत आहे. सेवापुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे लिहायचे. 'भाऊबंदकी चालू', 'सोमवारी सहसा येत नाही', असे. ते फक्त हेडक्लार्काने वाचायचे, त्यावरून काय ते समजायचं आणि बाहेर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. माझ्या आधीच्या तीन हेडक्लार्कांनी हे पाळलं. मला वाटलं, वर्णनाचा रकाना म्हणजे हा समास. कोणी शोधलं तर कॉम्प्युटर मनातल्या मनात समास वाचेल आणि बाहेर फक्त नाव, खोली, फोन एवढंच सांगेल. तेवढी अदब त्याला असेल, असं मी गृहीत धरलं.

आता लोक कोणाला कोणत्या शब्दाने शोधतात हे सगळ्या संस्थेत एकाच माणसाला ठाऊक होतं. मयेकरबाईंना. जिन्याखालच्या तिरक्या खोलीत त्या बोर्डापुढे सत्तावीस वर्षं बसल्या होत्या. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"काका-पुतण्यातला ग्रंथालयातला रघू कोणता म्हणायचा?"

"बाकावरचा रघू," बाई म्हणाल्या. "आणि दुसरा गायवाला. त्याची गाय परीक्षेच्या हॉलात शिरली होती ना, तेव्हापासनं."

अशी सुरुवात झाली. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास. मी नाव वाचायचं, बाईंनी बोर्डावरची नजर न काढता सांगायचं. अध्येमध्ये त्या पिना खुपसत, "जोडते हां" म्हणत, आणि परत सुरू होत. रत्नागिरीत माणसाला बारशाचं नाव आईबाप ठेवतात आणि खरं नाव गाव ठेवतं. प्राचार्यांचं नाव 'आंघोळ', कारण घरी कधीही फोन केला तरी ते आंघोळीला गेलेले असत. सेक्रेटरींचं 'तूर्तास'. भूगोलाच्या मॅडमचं 'भोवळ'. सावर्ड्याच्या मुख्याध्यापकांचं 'परिपत्रक'.

"आणि अध्यक्ष?" मी विचारलं.

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "ते राहू द्या, भाऊ."

"यादीत अपवाद नसतो, बाई."

"भोंगा," त्या हळूच म्हणाल्या. "भोंगा जागेवर आहे का, म्हणून विचारतात सगळे. मी जोडून देते."

मी तेही लिहिलं. समासात.

जानेवारीत सावर्डे प्रकरण घडलं. माऊसवर माझा हात अजून बसला नव्हता. सावर्डे हायस्कूलवर बोट दाबलेलं असताना पाध्यांची हाक आठवली की काय झालं कोण जाणे, हात खाली घसरला आणि अख्खं हायस्कूल, मुख्याध्यापकांसकट सतरा माणसं, वसतिगृहाच्या स्वयंपाकघराखाली जाऊन बसली. जनीच्या हाताखाली. मी घाबरून त्याची छापील प्रत काढली, पुण्याला विचारायला म्हणून. ती प्रत चुकून सावर्ड्याच्या टपालात गेली.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं चार पानी पत्र. एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर आपली स्वयंपाकघरात बदली कोणत्या नियमान्वये झाली, आणि या पदावर आपला वरिष्ठ कोण. मी फोनवरून यज्ञेशना विचारून ती फांदी परत जागेवर नेऊ लागलो, तर सेक्रेटरींनी रोखलं.

"असं परस्पर हलवू नका, बेहेरे. कागदावर ते स्वयंपाकघरात आहेत. आता परत सावर्ड्याला न्यायचं तर बदलीचे आदेश काढावे लागतील."

"पण ते सावर्ड्यालाच आहेत हो!"

"प्रत्यक्षात आहेत. तूर्तास कागदाचं बघा."

मी सतरा बदली आदेश टंकले. 'वसतिगृह स्वयंपाकघर येथून सावर्डे हायस्कूल येथे, प्रवासभत्त्याशिवाय.' सगळ्यांनी ते सह्या करून घेतले. एका शिपायाने तर रुजू होण्याआधी दोन दिवसांची तयारीची रजा मागितली आणि नियमानुसार ती द्यावी लागली.

या सगळ्याने मी नुसता दमलो होतो. पुढच्या सोमवारी जो कागद आला त्याने मात्र मी खचलो. कार्यकारिणीचा ठराव. डिरेक्टरी पूर्ण झाल्याचा दाखला हेडक्लार्क बेहेरे यांच्या सहीने मिळताच 'दूरध्वनी चालक' हे पद रद्द करावं आणि श्रीमती मयेकर यांना सावर्डे वसतिगृहात लिपिक म्हणून पाठवावं. ती जागा दोन वर्षं रिकामी होती, पहिल्या मार्चपर्यंत ती भरायचीच असं ठरावात होतं.

बाईंच्या घरी त्यांच्या सासूबाई होत्या. नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. बाई दुपारी जेवायला जात म्हणजे जेवायला जात नसत, मिऱ्या बंदरावरच्या घरी जाऊन म्हातारीला उचलून बसवत, भरवत आणि परत येत. नवरा बोटीवर गेला तो परत आला नव्हता. सावर्ड्याला एसटीने जायला दोन तास, यायला दोन तास. बाईंना नोकरी सोडावी लागली असती. आणि सुट्टीनंतर रोज अर्धा तास त्यांच्यापुढे वही घेऊन बसून, त्यांच्याच तोंडून ऐकून, हे सगळं कोण करत होतं? मी.

त्या दिवशी मी वही न घेताच जिन्याखाली गेलो.  म्हटलं, "बाई, एक ठराव झालाय."

"ठाऊक आहे. शुक्रवारीच कळलं," बाई म्हणाल्या. "फोन माझ्याच बोर्डावरनं गेला ना."

"मग शनिवारी तुम्ही मला पावसची बावीस माणसं कशी काय सांगितलीत?"

"न सांगून? तुम्ही आपल्या मनानं काहीबाही लिहिलं असतंत. उद्या कोणाची आई आजारी पडली नि माणूस सापडला नाही, तर?" त्यांनी एक पीन काढून दुसरीकडे खुपसली. "बसा. वही कुठाय?"

मला इतकी लाज वाटली की मी बसलो.

मग मी माझ्या परीने शौर्य गाजवलं. म्हणजे काम रेंगाळवलं. जनीच्या आडनावाचा प्रश्न पुन्हा उकरून काढला. दोन आठवडे डोळे आल्याचं सांगितलं, एक आठवडा खरोखरच आले. सेक्रेटरी 'तूर्तास यादी पूर्ण करा' असे शेरे मारत राहिले, मी त्यावर खुलासे पाठवत राहिलो. पण अध्यक्षांनी एक दिवस स्वतःच दार उघडून विचारलं, "बेहेरे, किती माणसं राहिली?" आणि त्या आवाजापुढे माझ्या तोंडून खरं निघालं. "एकही नाही, सर."

वीस फेब्रुवारीला सभागृहात प्रात्यक्षिक ठरलं. अकरा विश्वस्त, प्राचार्य, सेक्रेटरी, सगळे विभागप्रमुख. पुण्याहून यज्ञेश आले होते. त्यांनी सगळ्यांच्या टेबलांवर शोधायचा प्रोग्रॅम त्याच सकाळी बसवला होता आणि सभागृहात भिंतीवर मोठा पडदा लावला होता. मयेकरबाईंनाही बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या. दाखल्याचा कागद माझ्यासमोर होता, सही तेवढी करायची होती.

"पहिलं नाव मीच शोधतो," अध्यक्ष म्हणाले, आणि एका बोटाने स्वतःचं आडनाव टंकलं.

भिंतीवर चार फूट उंचीचं सगळं आलं. भाटकर. आत्माराम. अध्यक्ष. खोली पहिली. फोन अकरा. वर्णन : भोंगा.

माझ्या कॉम्प्युटरला अदब नव्हती.

 अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका विश्वस्तांना, ते आंब्याचे व्यापारी, मोह आवरेना. म्हणाले, "जरा प्राचार्यांचं काढा बघू." यज्ञेशनी निष्पापपणे काढलं. 'आंघोळ.' मग सेक्रेटरींचं निघालं, मग भूगोलाच्या मॅडमचं, मग ज्याने त्याने दुसऱ्याचं काढायला सांगितलं आणि स्वतःचं नको म्हटलं. विश्वस्तांपैकी कोणाची नोंद नव्हती, म्हणून ते सगळ्यांत जास्त हसत होते. दहा मिनिटं सभागृहात अशी काही मजा चालली होती की मीही हसलो असतो, पण तो समास माझा होता.

"पुरे!" अध्यक्ष म्हणाले. खिडक्यांची तावदानं हलली. "यज्ञेश, हा वर्णनाचा रकाना आत्ताच्या आत्ता सगळ्यांचा पुसा. नाव, हुद्दा, फोन. बस्."

यज्ञेशनी दोन मिनिटांत दोनशे चौदा वर्णनं पुसली. माझे तीन महिने.

"आता नीट बघू. तो वायरमन... माझ्या घरी गणपतीला दिवे लावून गेला तो." त्यांनी 'वायरमन' टंकलं. कोणी सापडलं नाही. आमच्याकडे वायरमन हे पदच नाही, तो प्रयोगशाळा परिचर आहे. त्यांनी 'दिवे' टंकलं. 'गणपती' टंकायला घेतलं तर 'गणपत' येताच तीन गणपत निघाले, त्यातला कोणीच तो नव्हता. प्राचार्यांना रघू हवा होता, तर दोघे निघाले, एक आणि दोन. भूगोलाच्या मॅडमना टंकलेखक हवी होती. तिचं लग्नानंतरचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. वीस मिनिटं अकरा विश्वस्त आणि चार विभागप्रमुख मिळून एका वायरमनला शोधत होते.

मग अध्यक्षांनी खुर्चीतच वळून दाराकडे बघितलं. "मयेकरबाई, तो माझ्या घरी गणपतीला..."

"आजारी आहे, सर. बहिणीकडे आहे, कुवारबावला. फोन देऊ का?"

 अध्यक्षांनी माझ्यासमोरचा दाखल्याचा कागद ओढून घेतला आणि आडवा फाडला. "बोर्ड राहू दे," ते म्हणाले.

बाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी डोळे आल्याच्या खात्यावर टाकलं.

पण सेक्रेटरी उठून उभे राहिले होते. एका शब्दासाठी अख्ख्या सभागृहाने त्यांना हसून घेतलं होतं. "अध्यक्षमहाराज, बोर्डाचं ठीक. तूर्तास..." इथे मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि ते आणखी लाल झाले. "आत्ता, या क्षणी, ही नावं कुठून आली हे कळलं पाहिजे. बेहेरे एकटे हे करू शकत नाहीत. बेहेरे फोन घेत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. ही सगळी गंमत रोज कोणाच्या कानावर पडते ते इथे सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. बाईंनी पदर खाली घेतला. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"मीच लिहिली," मी म्हटलं. "माझ्या मनानं. एकवीस वर्षं आस्थापनेत आहे, मला दुसरं येतं काय?"

"अध्यक्षांचंसुद्धा?"

"विशेषतः त्यांचं," मी म्हटलं. हे का म्हटलं ते मला आजवर कळलेलं नाही. होईल की म्हणायची खोड, दुसरं काय.

कप्तान माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. जहाजावर असली खोटी कबुली त्यांनी पुष्कळ वेळा ऐकली असावी. पण ठराव झालेला होता, सावर्ड्याची जागा पहिल्या मार्चपर्यंत भरायची होती, आणि ठरावात माणूस बदलता येतो, ठराव बदलता येत नाही. ते त्या दिवशी प्रथमच हळू बोलले. "बेहेरे, सावर्ड्याला जा. वर्षभर. मग बघू."

घरी सांगितलं. सुमेधा म्हणाली, "डबा दोन वेळचा लागेल. आणि तुमच्या पाठीचं काय?" पाध्ये कुंपणापाशी आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि एकही सल्ला न देता वर्तमानपत्र मागून गेले.

शेवटच्या दिवशी, सगळी पुस्तकं नव्या माणसाच्या ताब्यात देऊन झाल्यावर, एक काम उरलं. डिरेक्टरीत माझी नोंद अजून रत्नागिरीच्या कार्यालयात होती आणि नोंदी हलवायचा अधिकार संस्थेत माझ्याशिवाय कोणाला दिलेला नव्हता. सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली होती : 'स्वतःची नोंद स्वतः हलवून जावे.'

मयेकरबाई बोर्ड पाच मिनिटं सोडून वर आल्या. म्हातारीला त्या दिवशी बरं होतं, एवढंच म्हणाल्या. मग माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मी फोनच्या रकान्यापाशी अडलो, तर सावर्डे वसतिगृहाचा नंबर त्यांनी न विचारता सांगितला. मी बेहेरेवर बोट दाबलं, दाबून धरलं आणि हळूहळू, यावेळी अजिबात हात घसरू न देता, सावर्ड्यापर्यंत नेलं. मधोमध एक चौकट उगवली. मागच्या घोटाळ्यानंतर यज्ञेशनी ती बसवली होती.

"काय म्हणतंय?" बाईंनी विचारलं.

"हलवायचं नक्की ना, असं विचारतंय."

बाईंनी वाकून चौकट वाचली. "बघा," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या संस्थेत ह्यानं एकट्यानं विचारलं."

मी 'हो' दाबलं. मग डब्याची पिशवी उचलली आणि सावर्ड्याहून परतायची शेवटची एसटी किती वाजता ते बाईंना विचारलं. त्यांना पाठ होतं.